संघाची सभा : साधेपणा कोठवर, सोय कोठवर?

महापरिनिब्बान सुत्त श्रद्धेने वाचणाऱ्यांच्याही ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही. सुत्ताच्या आरंभी वज्जींच्या निमित्ताने तथागत अपरिहानीय धम्म सांगतात आणि त्याच धर्तीवर ते भिक्खूंनाही सांगतात : वरचेवर एकत्र जमावे, एकदिलाने बसावे, एकदिलाने उठावे, जे घालून दिलेले नाही ते नव्याने घालू नये, जे घालून दिले आहे ते मोडू नये. याच सुत्ताच्या अखेरीस तेच तथागत आनंदाला सांगतात की, आपल्या पश्चात संघाची इच्छा असल्यास त्याने क्षुद्र-अनुक्षुद्र नियम रद्द करावेत. आरंभी मोडू नका, अखेरीस हवे तर मोडा. यात विसंगती आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्या समूहाला पुढे कोणी धनी राहणार नाही, त्याच्या सभेपुढे हा पेच कायमच उभा असतो. सभेची रीत साधी आणि सर्वत्र एकसारखी ठेवावी, तर दूरच्या आणि अडचणीतल्या माणसांना ती पेलत नाही. ठिकठिकाणच्या सोयीप्रमाणे बदलावी, तर बदलता बदलता सभाच नाहीशी होते. विनयपिटकाच्या महावग्ग आणि चुल्लवग्ग या भागांत हा पेच शेकडो लहानमोठ्या प्रसंगांतून उलगडलेला आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांपैकी काही प्रसंग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्खुसंघाचा दाखला दिला, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, एकदा निकालात निघालेला विषय पुन्हा न उकरणे, अशा संसदीय कार्यपद्धतीच्या अनेक नियमांशी संघ परिचित होता, असे त्यांनी तेथे दाखवून दिले. हा दाखला आपण व्यासपीठावरून अभिमानाने देतो. मात्र तो ज्या ग्रंथातील आहे तो ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. उघडला तर दिसते की त्यातील सर्वच रीती आजच्या विधिमंडळासारख्या नाहीत. उदाहरणार्थ, मतासाठी शलाका वाटण्याच्या तीन पद्धती चुल्लवग्गात सांगितल्या आहेत : गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त पद्धतीत निरनिराळ्या रंगांच्या शलाका देत असत. पण अधम्मवादी पक्षाचे बहुमत होत आहे असे शलाका गोळा करणाऱ्या भिक्खूच्या लक्षात आले, तर ते मतदान रद्द ठरवून पुन्हा घेण्याची मुभा त्याला होती. आजचा निवडणूक अधिकारी असे करू लागला तर काय होईल ते सांगावयास नको. बाबासाहेबांच्या दाखल्याचे मोल यामुळे उणे होत नाही. आपण विनयाकडे केवळ संसदेचा पूर्वज म्हणून पाहू नये, एवढेच यातून घ्यावयाचे.

संघाला धनी नव्हता ही गोष्ट मज्झिम निकायातील गोपक मोग्गल्लान सुत्तात फार स्पष्टपणे आली आहे. तथागतांच्या परिनिब्बानानंतरचा काळ. अवंतीच्या पज्जोताच्या भीतीने अजातसत्तू राजगृहाची तटबंदी दुरुस्त करवून घेत होता. मगधाचा महामात्य वस्सकार ब्राह्मण आनंदाला विचारतो : तुमच्या शास्त्याने आपल्यामागे कोणाला नेमले आहे काय? नाही. मग संघाने कोणाला निवडले आहे काय? तेही नाही. मग तुम्ही एकत्र राहता तरी कशाच्या आधारावर? राज्यकारभारात मुरलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविकच होते. आनंदाचे उत्तर असे की, आम्ही निराधार नाही, धम्म हाच आमचा आधार आहे. आणि हे उत्तर हवेत राहू नये म्हणून तो लगेच पुढे सांगतो की, एका गावाच्या परिसराच्या आश्रयाने राहणारे आम्ही सर्व भिक्खू उपोसथाच्या दिवशी एकत्र जमतो, ज्याला पातिमोक्ख येते त्याला ते म्हणावयास सांगतो, आणि कोणाकडून दोष घडला असल्यास धम्मानुसार त्याचा निकाल करतो. म्हणजे नेत्याच्या जागी आनंदाने जी गोष्ट ठेवली ती आहे पंधरवड्याची एक सभा.

ही सभा सुरू झाली तीदेखील दुसऱ्यांचे पाहून. परिव्राजक लोक चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमीला जमून धर्मचर्चा करतात, लोक त्यांच्याकडे ओढले जातात, तेव्हा आपल्या भिक्खूंनीही तसे जमावे, असे मगधराज बिंबिसाराने सुचविले आणि तथागतांनी ते मानले, असे महावग्ग सांगतो. प्रथम भिक्खू जमले आणि नुसते गप्प बसून राहिले. लोक कुरकुरले, मुक्या डुकरांसारखे हे काय बसले आहेत, असे म्हणू लागले. मग धम्म बोलण्याची अनुज्ञा झाली, पुढे पातिमोक्ख म्हणण्याची. अर्थात सभेचे रूप एका दिवसात आकाशातून उतरलेले नाही. अडचण आली, तक्रार झाली, उपाय केला, अशा क्रमाने ते घडत गेले.

तरीही त्या रूपाचा गाभा पाहिला तर तो आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. एक सीमा ठरवावयाची. डोंगर, शिळा, वन, वृक्ष, वाट, वारूळ, नदी, पाणी अशा कोणालाही दिसणाऱ्या खुणांनी. त्या सीमेत राहणाऱ्या प्रत्येकाने यावयाचे, किंवा आजारी असल्यास आपली परिशुद्धी आणि संमती दुसऱ्या भिक्खूकरवी पाठवावयाची. जो विषय असेल तो सर्वांना ऐकू जाईल असा मांडावयाचा. याला ‘ञत्ती’ म्हणतात. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. लहान कामाला ञत्तीनंतर एकदा विचारणे पुरे, मोठ्या कामाला तीनदा. एवढेच. अध्यक्षाची निवड नाही, दीपप्रज्वलन नाही, पाहुण्यांचा परिचय नाही. कोणताही समर्थ भिक्खू ञत्ती मांडू शकतो.

या गाभ्यात सर्वांत जड शब्द कोणता असेल तर ‘समग्ग’, म्हणजे सगळेच्या सगळे. महाकप्पिन थेर राजगृहाजवळ मद्दकुच्छी येथे राहत असताना त्यांच्या मनात आले की आपण तर परम विशुद्ध आहोत, आपण उपोसथाला गेलो काय नि न गेलो काय. तथागत स्वतः त्यांच्यापुढे आले आणि विचारते झाले की, तुमच्यासारखेच उपोसथाचा मान राखणार नसतील तर तो राखणार कोण? ज्याला सभेची गरज नाही त्यानेही सभेला गेले पाहिजे, कारण सभेला त्याची गरज आहे. दुसरे उदाहरण आजाऱ्याचे. जो इतका आजारी आहे की संमतीदेखील पाठवू शकत नाही, त्याला मंचकासह उचलून सभेत आणावे. उचलल्याने आजार बळावेल किंवा तो मरेल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले, तर संघाने उठून त्याच्याकडे जावे आणि तेथे उपोसथ करावा. पण अपुऱ्या संघाने करू नये. एका अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी सगळी सभा जागा बदलते. बदल किती मोठा, आणि तो कशासाठी, हे येथे पाहण्यासारखे आहे. स्थळ सोडले, पण एकही माणूस सोडला नाही. गग्ग नावाच्या एका वेड लागलेल्या भिक्खूची तर वेगळीच पंचाईत होती. त्याला कधी उपोसथ आठवे, कधी आठवत नसे. त्याच्यासाठी संघाने रीतसर ठराव केला की गग्ग येवो न येवो, त्याला आठवो न आठवो, संघ त्याच्यासह किंवा त्याच्यावाचून उपोसथ करील. ज्याला वगळणे भागच आहे त्यालादेखील न विचारता, न बोलता गाळून टाकले नाही.

आता सोयीच्या बाजूने पाहू. सीमा मोठी झाली की लांबून यावे लागते. महाकस्सप अंधकविंदाहून राजगृहाला उपोसथासाठी येताना वाटेत नदी ओलांडू लागले आणि जवळजवळ वाहून गेले. चीवरे चिंब भिजली. तेव्हा त्या सीमेत तीन चीवरांपासून दूर राहिल्यास दोष लागणार नाही, अशी सवलत देण्यात आली, म्हणजे ओझे घरी ठेवून येता यावे. सीमा तीन योजनांहून मोठी करू नये, नदीपलीकडे पसरवावयाची झाल्यास कायमची नाव किंवा कायमचा पूल असावा, असेही नियम झाले. चार भिक्खू असतील तर पातिमोक्ख म्हणावे. तीन किंवा दोनच असतील तर एकमेकांना आपली परिशुद्धी सांगावी. एकटाच असेल तर त्याने आसन घालावे, पाणी ठेवावे, दिवा लावावा, कोणी येते का वाट पाहावी, आणि कोणी न आल्यास आज माझा उपोसथ आहे असा मनाशी निश्चय करावा. या एकट्या भिक्खूचे चित्र आम्हांस फार बोलके वाटते. सभा एका माणसापर्यंत आकसली, तरी दुसऱ्यासाठी पाणी ठेवलेले आहे.

एकदा संघ मोठा आणि जागा लहान असे झाले. काही भिक्खू सीमाबद्ध न केलेल्या जमिनीवर बसले आणि आपला उपोसथ झाला की नाही अशा शंकेत पडले. निर्णय असा मिळाला की, जमीन संमत असो वा नसो, तेथे बसून पातिमोक्ख ऐकले असेल तर उपोसथ झाला. ऐकू येणे महत्त्वाचे. म्हणूनच म्हणणाऱ्याने मुद्दाम ऐकू न जाईल असे म्हणणे हा दोष ठरविला गेला. उदायी थेरांचा आवाज कावळ्यासारखा होता. ऐकू कसे जावे ही त्यांची चिंता. त्यांना प्रयत्न करण्याची अनुज्ञा मिळाली आणि प्रयत्न करणाऱ्याला दोष नाही असे सांगितले गेले. आवाज बदलून मिळत नाही हे तथागतांनाही ठाऊक होतेच.

या सगळ्या सवलतींत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती अवंती-दक्खिणापथाची. अवंतीत कुररघराजवळ पपात डोंगरावर महाकच्चान राहत होते. सोण कुटिकण्ण नावाच्या उपासकाने त्यांच्याकडे प्रव्रज्या मागितली. मध्यदेशात उपसंपदेला दहा भिक्खूंचा गण लागे. अवंतीत भिक्खू इतके विरळ की दहा जण गोळा करावयास महाकच्चानांना तीन वर्षे लागली. पुढे सोण तथागतांच्या दर्शनाला सावत्थीला निघाला तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठविल्या. आमच्याकडे कमी गणाने उपसंपदा करता यावी. आमच्याकडची जमीन काळी, खरबरीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली असते, तेव्हा अनेक तळांची पादत्राणे वापरता यावीत. आमच्याकडचे लोक स्नानाला महत्त्व देतात, तेव्हा वरचेवर स्नान करता यावे. आमच्याकडे मेंढी-बकरीच्या, हरणाच्या कातड्यांची अंथरुणे असतात, ती चालावीत. पाचवी विनंती सीमेबाहेर असलेल्या भिक्खूसाठी दिलेल्या चीवराविषयी होती. सीमांत प्रदेशांसाठी या सवलती मंजूर झाल्या. उपसंपदेचा गण दहावरून पाचावर आला, त्यांत एक विनयधर असावा एवढी अट राहिली. मराठी मुलूख हा दक्षिणापथाचाच भाग. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानातून अनवाणी चालून पाहिलेल्या आपल्या वाचकांना त्या दुसऱ्या विनंतीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ही सवलत कशी मिळाली याचाही क्रम पाहावा. महाकच्चान हे अग्रश्रावकांत गणले गेलेले थेर. आपल्या प्रदेशात नऊ किंवा पाच जणांत उपसंपदा उरकून घेणे आणि मागाहून कळविणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तीन वर्षे वाट पाहिली, नियम पाळला, आणि मग नियम बदलावा अशी विनंती केली. विनंतीची कारणेही जमिनीची, हवेची, माणसांच्या संख्येची. सभा कोणाला डोईजड होते आहे याकडे बोट दाखविणारी ती कारणे आहेत.

याच्या उलट बाजूचा प्रसंगही महावग्गातच आहे. कोसल देशातील एका आवासात उपोसथाच्या दिवशी रानटी टोळ्यांची भीती उपजली आणि भिक्खू पातिमोक्ख पूर्ण म्हणू शकले नाहीत. तेव्हा थोडक्यात म्हणण्याची मुभा देण्यात आली. मुभा मिळताच काही भिक्खू कोणतेही संकट नसताना थोडक्यात उरकू लागले. तेव्हा नियम झाला की, संकट नसेल तर पूर्णच म्हणावे. आणि संकटे कोणती तेही मोजून सांगितले : राजा, चोर, आग, पाणी, माणसे, अमानुष, हिंस्र पशू, सरपटणारे प्राणी, जीविताचे संकट आणि ब्रह्मचर्याचे संकट, अशी दहा. सवलत कोणासाठी आहे हे नाव घेऊन सांगितले नाही की ती सर्वांची सवय होऊन बसते, हा अनुभव अडीच हजार वर्षांत फारसा बदललेला दिसत नाही.

परिनिब्बानानंतर क्षुद्र-अनुक्षुद्र नियमांचा प्रश्न राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आला. कोणते नियम क्षुद्र, हे आनंदाने विचारून घेतले नव्हते. थेरांचे एकमत होईना. कोणी चार पाराजिक सोडून बाकी सगळे क्षुद्र म्हणे, कोणी त्याहून थोडे अधिक राखून ठेवी. अखेर महाकस्सपांनी ञत्ती मांडली की, नवे घालू नये, जुने मोडू नये. त्यांनी दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपले नियम गृहस्थांनाही माहीत आहेत. आता ते मोडले तर लोक म्हणतील की, शास्त्याच्या चितेचा धूर होता तोवर हे नियम पाळत होते. निर्णयाची जबाबदारी त्यांनी लोकांच्या विश्वासाशी जोडली. काही विद्वान महाकस्सपांना केवळ कर्मठ ठरवितात. आमच्या मते तो न्याय नव्हे. शास्ता नुकताच गेलेला आणि क्षुद्र कशाला म्हणावे याचीच एकवाक्यता नाही, अशा वेळी सभेने आपला गाभा घट्ट धरून ठेवणे समजण्यासारखे आहे. मात्र जी मुभा तथागतांनी दिली होती ती त्या दिवसापासून वापराविना पडून राहिली, हीही वस्तुस्थिती आहे.

सुमारे शंभर वर्षांनी वेसालीत जे घडले त्यात या विषयाचे मर्म आहे. उपोसथाच्या दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून वज्जिपुत्तक भिक्खू उपासकांकडून त्यात नाणी टाकवून घेतात, हे काकंडकपुत्त यस थेरांनी पाहिले आणि हरकत घेतली. पुढे वाद दहा मुद्द्यांवर गेला. इतिहास शिकविताना शिंगात मीठ साठविणे, दोन बोटे सावली कलेपर्यंत जेवणे आणि सोने-चांदी स्वीकारणे एवढेच आपण सांगतो. पण त्या दहांत दोन मुद्दे थेट सभेविषयी आहेत, आणि त्यांची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही. पहिला ‘आवासकप्प’ : एकाच सीमेत अनेक आवास असतील तर प्रत्येकाने आपापला वेगळा उपोसथ करावा. दुसरा ‘अनुमतिकप्प’ : थोड्याच भिक्खूंनी जमून काम उरकावे आणि बाकीच्यांची संमती ते आल्यावर घ्यावी. दोन्ही मुद्दे ऐकावयास किती वाजवी वाटतात! लांब चालत जाण्यापेक्षा आपल्या आवारातच बसावे. सगळ्यांची वाट पाहण्यापेक्षा काम पुढे न्यावे, नंतर सांगता येते. वेसाली समृद्ध नगर होते, आवास पुष्कळ होते, माणसे कामात होती. तरीही सातशे भिक्खूंच्या त्या सभेने दोन्ही गोष्टी अवैध ठरविल्या.

अवंतीला सवलत मिळाली आणि वेसालीला नाकारली गेली, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कसोटी हाती येते. अवंतीचा बदल दूरच्या, मोजक्या, गैरसोयीत असलेल्या माणसाला सभेत येता यावे यासाठी होता. वेसालीचा बदल काही माणसांना विचारण्याचा त्रास वाचावा यासाठी होता. पहिल्याने सभा आत घेते, दुसऱ्याने बाहेर ठेवते. शब्द कमी करावेत, संख्या कमी करावी, जागा हलवावी, पादत्राणे जाड करावीत. पण कोणाला विचारावयाचे आणि केव्हा विचारावयाचे, याला हात लावू नये, असे विनयकारांचे धोरण आम्हांस दिसते. आणखी एक गंमत अशी की, हा वाद सोडवितानाही सभेने आपली रीत बदललीच. चर्चा लांबत चालली, कोण काय बोलले याचा मेळ लागेना, तेव्हा ‘उब्बाहिका’ म्हणजे निवडक भिक्खूंची समिती नेमण्याचा मार्ग घेतला. पूर्वेचे चार, पश्चिमेचे चार; त्यांची नावे ञत्ती मांडून सर्व संघाने मान्य केली. अवघ्या दहा वर्षांचा भिक्खू अजित याला थेरांची आसने मांडण्याचे काम दिले. वालिकारामाच्या निवांत जागी आठ जणांनी एकेक मुद्दा विचारून निकाल केला, आणि मग तेच सगळे प्रश्नोत्तर पूर्ण संघापुढे पुन्हा एकवार विचारले गेले. समितीने निकाल लावला म्हणून संघाचे ऐकणे चुकले नाही.

‘आचिण्णकप्प’ नावाचा मुद्दाही त्या दहांत होता : आमचे उपाध्याय असेच करीत आले म्हणून आम्हीही करतो. यावर सभेचा निर्णय असा की, हे कधी चालते, कधी चालत नाही. रूढीला सरसकट होकार नाही, सरसकट नकारही नाही.

आधुनिक काळातही हा वाद वेगळ्या रूपात चालला आहे. अमेरिकेत हॅरिसन ओवेन यांनी १९८५ पासून एक सभापद्धती रूढ केली. लोकांनी वर्तुळात बसावे, ज्याला ज्या विषयाची कळकळ असेल त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावावा, जागा आणि वेळ सांगावी, आणि ज्याला जेथे काही घेता वा देता येत नाही त्याने उठून दुसऱ्या गटात जावे. चालकाने जितके कमी करता येईल तितके करावे, हा ओवेन यांचा आग्रह होता. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी तीत भर घातली : विषय आधीच ठरवा, गट वाटून द्या, शेवटी मतदान घ्या. साधेपणा राखावा की गरजेप्रमाणे बदलावे, यावर त्या मंडळींतही वाद झाले. विनयाच्या अभ्यासकाला त्यात पुष्कळ ओळखीचे सापडेल. परंतु एक फरक मुळातला आहे. ओवेन यांचे एक तत्त्व असे की, जे आले तेच योग्य लोक. स्वेच्छेने एक-दोन दिवस जमणाऱ्यांपुरते ते ठीक आहे. विनयाचा संघ मात्र न आलेल्याचा हिशेब मागतो. जेथे माणसांना एकत्र नांदावयाचे आहे तेथे जे आले तेच योग्य, असे म्हणून भागत नाही. कारण न येण्यामागे अनेकदा इच्छा नसून रात्रपाळी, आजारपण, लहान मूल किंवा पूर्वी झालेला अपमान असतो.

आमचे बहुसंख्य वाचक उपासक-उपासिका आहेत. भिक्खूंचे नियम वस्तीतल्या मंडळाला जसेच्या तसे लावणे हास्यास्पद होईल, आणि तसे आम्ही सुचवीत नाही. पण कसोटी उसनी घेता येते. आपल्या विहारांतील रविवारची वंदना किंवा वर्षावासातील ग्रंथवाचन पाहा. तिचा गाभा संघाच्या सभेइतकाच साधा आहे : त्रिसरण-पंचशील, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील काही भागाचे वाचन, त्यावर बोलणे. कामगार वस्तीत वाचन रात्री नऊला ठेवले, पौर्णिमा आडवारी आली म्हणून कार्यक्रम रविवारी घेतला, भाषा अवघड वाटणाऱ्यांसाठी वाचणाऱ्याने वऱ्हाडीत किंवा अहिराणीत अर्थ सांगितला, पावसात विहार गळतो म्हणून कोणाच्या ओसरीवर बसले, तर हे सगळे अवंतीच्या पंक्तीतले बदल आहेत. वेळ अपुरा म्हणून पानाऐवजी परिच्छेद वाचला तरी बिघडत नाही. त्याच सभेला आता हार-तुरे, सत्कार, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची लांबलचक ओळख आणि आभारप्रदर्शन जडले आहे. या गोष्टींत पाप नाही. परंतु त्यांत दीड तास जातो आणि ‘यावर कोणाला काही बोलावयाचे आहे का’ या प्रश्नाला दोन मिनिटेही उरत नाहीत. ज्या माउलीने तीन महिने न चुकता येऊन ग्रंथ ऐकला ती शेवटच्या दिवशीही श्रोताच राहते.

वेसालीचे दोन मुद्दे तर आपल्या दाराशीच उभे आहेत. एका वस्तीत १४ एप्रिलच्या जयंतीसाठी दोन समित्या, दोन वर्गण्या, दोन मिरवणुका ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हा ‘आवासकप्प’ होय. सीमा एक, सभा दोन. आणि विहाराच्या बांधकामाचा, देणगीचा, जागेचा निर्णय पाच जणांनी घ्यावयाचा आणि वार्षिक सभेत त्याला कार्योत्तर मंजुरी घ्यावयाची, हा ‘अनुमतिकप्प’ होय. कार्योत्तर मंजुरी हा शब्द सरकारी कागदांतून आपल्याकडे आला आणि इतका रुळला की त्यात काही खटकावे असे कोणाला वाटत नाही. नोंदणीकृत संस्थेची सूचना, गणपूर्ती, इतिवृत्त हे सारे कायद्याने आवश्यक आहे आणि ते काटेकोर ठेवलेच पाहिजे; परंतु ते पूर्ण असूनही वस्तीतल्या निम्म्या बायाबापड्यांना विहाराचे काय ठरले ते मिस्त्री आल्यावरच कळावे, असे घडू शकते.

अलीकडे दूरध्वनीवरील गटात निरोप टाकतात : अमुक दिवसापर्यंत हरकत न आल्यास सर्वांची संमती गृहीत धरली जाईल. मौन म्हणजे संमती हे तत्त्व बौद्धच आहे, असे याचे समर्थनही आम्ही ऐकले आहे. हे समर्थन टिकत नाही. विनयात मौनाला अर्थ आहे तो समोर बसून ञत्ती ऐकलेल्या भिक्खूच्या मौनाला. अट्ठकथा तर त्याने अडीच हातांच्या आत बसले पाहिजे इतके नेमकेपणाने सांगतात. शिवाय विचारणारा एकदा किंवा तीनदा विचारून थांबतो, म्हणजे बोलू पाहणाऱ्याला धीर करावयास अवसर मिळतो. ज्याने निरोप वाचलाच नाही, ज्याच्याकडे तसा दूरध्वनीच नाही, त्याच्या मौनाला विनयात संमती म्हणत नाहीत. उलट गावाबाहेर नोकरीला असलेल्या सभासदाने आपले मत दूरध्वनीवरून कोणाला तरी सांगावे आणि त्याने ते सभेत उभे राहून सर्वांना ऐकवावे, हे आजाऱ्याची संमती घेऊन येण्याशी पुष्कळ जुळते. तेथेही विनयाची एक अट आहे. संमती घेऊन निघालेला भिक्खू वाटेतूनच दुसरीकडे गेला, तर ती संमती संघापर्यंत पोहोचली असे मानत नाहीत.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू पवारणा करतात. आपल्या वागण्यात कोणी काही पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल तर ते मला सांगावे, अशी विनंती प्रत्येक भिक्खू, थेरापासून नवख्यापर्यंत, संघाला तीनदा करतो. यालाही पाच भिक्खू लागतात. कमी असतील तर एकमेकांना, एकटा असेल तर मनाशी. कधी उपासकांचे दान रात्रभर चालले आणि उजाडावयास आले, कधी रानटी टोळ्यांची भीती होती, तेव्हा तीनऐवजी दोनदा किंवा एकदाच म्हणण्याची, आणि त्याहूनही घाई असेल तर समान वर्षांच्या भिक्खूंनी एकदमच म्हणण्याची मुभा देण्यात आली. शब्द तिसऱ्या हिश्शावर आले, पाळी मात्र कोणाचीच गळाली नाही. आपल्याकडे आश्विन पौर्णिमेला ग्रंथवाचनाची सांगता होते, भोजनदान होते, वाचकाला चीवरदानाच्या धर्तीवर शाल दिली जाते. त्याच दिवशी भोजनाच्या आधी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी प्रथम आणि मग ज्याला वाटेल त्याने, हाच प्रश्न वस्तीला विचारावा. त्याला एक सतरंजी आणि अर्धा तास पुरतो.